लाळेची साक्ष

जनावरांच्या रोगांना शेतकऱ्याने दिलेली नावे बहुधा नेमकी असतात. ‘लाळ्या खुरकूत’ हे नाव त्यांपैकीच एक. तोंडात फोड येऊन लाळेच्या तारा लोंबू लागतात आणि खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन जनावर लंगडते. दोन्ही लक्षणे नावातच आली आहेत. ज्या लाळेने रोगाला नाव दिले, तीच पुढे त्याची साक्षीदार कशी झाली, हा पशुवैद्यकाच्या इतिहासातील एक उद्बोधक भाग होय.

पांढुर्णा आणि सौंसर या मराठी मुलखाला हा इतिहास परका नाही. नागपूर, वर्धा व छिंदवाडा या भागांत गौळाऊ जातीचे चपळ बैल पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. माणसांनी सीमा आखल्या. रोगाने त्या कधीच मानल्या नाहीत. लाळ्या खुरकुताने थोर जनावर क्वचितच मरते. परंतु ऐन पेरणीत बैल अडून बसला की हंगाम हातचा जातो, गाय आटते, आणि लहान वासरे हृदयावर आघात होऊन दगावतात.

१८९८ साली जर्मनीत लोफ्लर व फ्रॉश या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या रोगाचे बीज जंतूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जाते. प्राण्यांचा रोग विषाणूमुळे होतो, याचा हा पहिला पुरावा होय. शत्रू ओळखला गेला, पण जिंकला गेला नाही. याउलट बुळकांडी हा त्याहून कितीतरी घातक रोग होता. त्याच्याविरुद्ध भारतात १९५४ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली. २००६ साली देश आणि २०११ साली सारे जग त्यातून मुक्त झाले.

असे का व्हावे? बुळकांडीच्या विषाणूचा प्रतिकारदृष्ट्या एकच प्रकार होता, आणि बरे झालेले जनावर तो अंगात बाळगीत नसे. लाळ्या खुरकुताचे मात्र सात प्रकार नोंदले गेले. भारतात ओ, ए व एशिया-१ हे तीन आढळतात. त्यातच १९५९ साली डच संशोधक व्हान बेक्कुम व त्यांचे सहकारी यांनी एक नवी गोष्ट उजेडात आणली. बऱ्या झालेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या गुरांच्या घशात हा विषाणू कित्येक महिने टिकून राहतो. लस टोचलेले जनावरही यास अपवाद नाही. रोग अंगावर न दिसता विषाणू त्याच्या घशात वस्ती करू शकतो.

येथे तपासणीची अडचण उभी राहिली. लसीमुळेही रक्तात प्रतिद्रव्ये येतात आणि रोगामुळेही येतात. मग भेद कसा करावा? विषाणू शरीरात वाढताना जी काही विशिष्ट प्रथिने निर्माण करतो, ती शुद्ध केलेल्या लसीतून काढलेली असतात. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात शोधणे, हा आजचा रूढ उपाय. परंतु लसवंत जनावरास सौम्य संसर्ग झाल्यास ही खूण कधी पुसट राहते.

तेव्हा संशोधकांचे लक्ष लाळेकडे वळले. दंडात किंवा मानेत टोचलेली मृत विषाणूंची लस रक्तास जागे करते; तोंड व घसा यांच्या अस्तरास ती फारशी हलवीत नाही. विषाणू स्वतः घशात वाढू लागला म्हणजे मात्र ते अस्तर आयजीए नावाची प्रतिद्रव्ये लाळेत सोडते. म्हणून लाळेत ती भरपूर व दीर्घकाळ सापडली, तर विषाणू तेथे येऊन गेला किंवा अजून आहे, असा तर्क करता येतो. सुई नको, रक्त नको. तोंडात फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो. एकट्या जनावराविषयी हा निवाडा अखेरचा मानता येत नाही. रक्ततपासणीस पूरक म्हणून, साऱ्या कळपाचा अंदाज घेण्यास तो उपयोगी ठरतो.

असे वाहक जनावर शेजारच्यास रोग देतेच, हे गुरांवरील प्रयोगांत सिद्ध झालेले नाही. परंतु शंका आहे तोवर रोगमुक्तीचा दाखला मिळणे अवघड, आणि दाखल्यावाचून दूध-मांसाच्या परदेशी व्यापाराची दारे पुरती उघडत नाहीत. २०१९ साली केंद्र सरकारने या रोगाविरुद्ध देशव्यापी लसीकरण सुरू केले आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. लस किती टोचली, याचा हिशेब नोंदवहीत मिळेल. विषाणू खरोखर हटला की नाही, हे जनावरांच्या रक्तास व लाळेसच विचारावे लागेल. पोळ्याच्या तोरणाखाली साऱ्या गावाचे बैल खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यांतील एकाचे आरोग्य हा एकट्या धन्याचा प्रश्न कधीच नव्हता.