पडद्यामागचा दुसरा पडदा

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. संगणकावर उर्दूतले ‘बे’ टाइप केले आणि पुढे ‘अलिफ’ आला, की ‘बे’चा आकार बदलतो. मराठीत ‘क’नंतर दिलेली ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी जाऊन बसते. म्हणजे यंत्र काढलेले अक्षर पुसून पुन्हा काढते. मग हे पुसणे आपल्याला दिसत का नाही? त्यामागे मोठा इतिहास आहे.

ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो, तिने १९७३ मध्ये ‘आल्टो’ संगणक बनवला. पडद्यावर ६०६ गुणिले ८०८ ठिपके. एवढ्या एका चित्राला १२८ केबी मेमरीपैकी जवळपास निम्मी लागे. दुसरे चित्र ठेवायला जागा कुठली? जे काढायचे ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत!

१९८४ मध्ये एमआयटीत ‘एक्स’ ही विंडो पद्धत सुरू झाली. तिथेही झाकलेली खिडकी उघडली, की ‘तुझा भाग पुन्हा काढ’ असा निरोप प्रोग्रामला जाई. पडदा लुकलुके.

उपाय माहीत होता: लपलेल्या मेमरीत चित्र पूर्ण करायचे आणि मगच दाखवायचे. यालाच डबल बफरिंग म्हणतात. पण ते महाग होते. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे ३२ बिटी चित्र ३ एमबीचे. सेकंदाला ६० वेळा नक्कल करायची तर १८० एमबी हलवावे लागतात. म्हणून वेग वाढवण्याच्या युक्त्या निघाल्या. बदललेला तुकडाच न्यायचा, किंवा नक्कल न करता दोन चित्रांच्या फक्त जागा बदलायच्या.

१९९६ मध्ये ‘एक्स’च्या ११व्या आवृत्तीच्या ६.१ प्रकाशनात डबल बफरची अधिकृत सोय आली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. अदलाबदलीनंतर मागच्या चित्राचे काय करायचे, हे प्रोग्रामने सांगायचे: जसेच्या तसे ठेव, पार्श्वभूमीचा रंग भर, पुढचेच तिथे उतरव, की काहीही असले तरी चालेल. ‘काहीही चालेल’ म्हटले, की यंत्राला सर्वांत स्वस्त मार्ग निवडता येतो. वेग नव्या यंत्रानेच वाढतो असे नाही. नको असलेले जपण्याचा हट्ट सोडूनही वाढतो.

मेमरी स्वस्त झाल्यावर, २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये प्रत्येक खिडकीला स्वतःचे बफर मिळाले. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ने तर अर्धवट चित्र दाखवायचेच नाही, हे तत्त्वच मानले.

आज माझे विद्यार्थी मोबाइलवर उर्दू लिहितात. अक्षरे रूप बदलतात, पण पुसली जाताना कुणाला दिसत नाहीत.