दात की बोटे? एन्फिल्डच्या नळीतील पाव मिलिमीटर

१८५७ च्या उठावाचा विषय निघाला की ‘चरबी लावलेली काडतुसे’ हे शब्द येतातच. पण काडतुसाला वंगण लागतेच कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर ठासणीच्या बंदुकीच्या नळीत आहे.

गुळगुळीत नळीची जुनी बंदूक भरणे सोपे होते. गोळी नळीपेक्षा बरीच लहान असल्याने सहज खाली उतरे. सराईत शिपाई मिनिटाला तीन बार काढी. नेम मात्र बेभरवशाचा. नळीत पेचदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम सुधारतो. पण खाचांत घट्ट बसणारी गोळी ठोकून ठोकून आत घालावी लागे. फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए याने १८४० च्या दशकाअखेरीस तळाशी पोकळ, निमुळती गोळी करून हा तिढा सोडवला. भरताना ती सैल असे. बार उडताच वायूच्या दाबाने तिचा तळ फुगून खाचांत रुते.

१८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीत हेच तत्त्व होते. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८; फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा, आणि त्यातही कागदाचे वेष्टन! काळी दारू जळाल्यावर तिचे निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात उरते. त्या काजळीने फट भरू लागली की गोळी अडते. म्हणून वंगण.

शिपायाने काडतुसाचे दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगणाचे टोक आत सारायचे, उरलेला कागद तोडून गज चालवायचा, अशी कवायत होती. म्हणजे दात एका टोकाला आणि वंगण दुसऱ्या टोकाला. पण इवल्याशा काडतुसात एवढे अंतर शिपायाच्या मनातील शंका मिटवण्यास पुरेसे नव्हते. ती शंका अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. वंगणात काय आहे, हे त्याला विश्वासार्हपणे कोणी सांगितलेच नव्हते.

जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे कुजबुज सुरू झाली. पुढे स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरण्याची मुभा मिळाली, दाताऐवजी बोटांनी काडतूस फाडण्याची नवी पद्धतही आली. २४ एप्रिलला मेरठची कवायत भरली ती हीच पद्धत दाखवण्यासाठी. तेथील ९० निवडक घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकण्यात आल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

दातांऐवजी बोटे वापरल्याने भरण्याचा वेग किती घटत असेल? हे तपासण्यास बंदूक नको, दारू तर मुळीच नको. भारतात ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते. एक बाजू बंद केलेली पारदर्शक नळी, तीत थोडी सैल बसणारी लाकडी गुटी, दारूऐवजी रवा, कागदाच्या सुरळ्या आणि घड्याळ एवढे पुरते. रवा भरलेले टोक एकदा दाताने, एकदा बोटांनी फाडावे. प्रत्येक पद्धतीच्या वीस नोंदी घ्याव्यात. मग नळीला आतून पिठाची पेज फासून वाळवावी आणि गुटीचा कागद एकदा कोरडा, एकदा मेण लावून पाहावा.

जुने शिपाई घाईत गज टाळून दस्ता जमिनीवर आपटीत. गुटी त्याने तळापर्यंत पोहोचते का, तेही नळीतून दिसेल. खऱ्या बंदुकीत गोळी दारूपासून दूर अडकली, तर बार उडताना नळी फुगू किंवा फुटू शकते.