कमावलेला दागिना

साल 1912. तुम्ही देऊळघाटात उभ्या आहात. गावापलीकडच्या डोंगरातून पैनगंगा निघते. तुमचं वय एकोणीस. नवरा वारला तेव्हा कुंकू पुसलं, काकणं फुटली, गळ्यातली पोत उतरली. अंगावर उरलं ते लुगडं. अंगणात बैलगाडी जुंपलेली आहे आणि ओसरीवरून चुलतसासू ओरडते, "लोकायचं गू-मूत काढाले चालली का वं पोरी?"

तुम्ही मान खाली घालून गाडीत बसता. बुलढाणा, राजूर घाट, मोताळा आणि मग मलकापूरचं स्टेशन. तिथून आगगाडीनं भुसावळ, मनमाड, दौंड करत पुणे. पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये सेवासदन ही संस्था काढली आहे. तिथल्या विधवा मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेतात. तुम्ही त्यांच्यात सामील होता.

ससूनची दगडी इमारत स्टेशनापासून जवळच आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय 1867 मध्ये सुरू झालं. वॉर्डात शिरताच कार्बोलिकचा वास नाकात भरतो. थर्मामीटर कसा झटकायचा, नाडी कशी मोजायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, हे सगळं शिकायचं आहे. समोरचा रोगी कुठल्या जातीचा, हे विचारायचं नाही.

विलायतेत शिकून आलेली मेट्रन तुमच्यासमोर थांबते. तिच्या छातीवर आठ टोकांचा क्रूस असलेला धातूचा बिल्ला आहे. हा क्रूस मध्ययुगात जेरुसलेममध्ये यात्रेकरूंची शुश्रूषा करणाऱ्या सेंट जॉनच्या पंथाचा. पुढे अनेक इंग्रजी रुग्णालयांनी आपल्या बिल्ल्यांसाठी तोच आकार घेतला. तुम्ही तो बिल्ला निरखून बघता. ही बाई कोणाची मुलगी, कोणाची बायको, याचा त्यावर मागमूस नाही. ती कुठं शिकली, तेवढं कळतं.

आता आणखी मागं चला. 1855. क्रिमियाचं युद्ध सुरू आहे. तिथं जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलला राणी व्हिक्टोरिया हिरेजडित पदक पाठवते. त्याचा आराखडा प्रिन्स अल्बर्टचा. पदक देखणं आहे, पण ती राणीची भेट आहे. राणीची मर्जी असेल तरच ती मिळते.

पंचवीस वर्षं पुढं या. 1880, न्यूयॉर्क. बेलव्ह्यू रुग्णालयाची परिचर्या शाळा शिक्षण पुरं केलेल्या मुलींना बिल्ला देऊ लागली आहे. तो टिफनी या जवाहिऱ्यांनी घडवला आहे. मधोमध क्रौंच पक्षी, म्हणजे जागरूकता. निळं कडं म्हणजे निष्ठा. अफूच्या बोंडांची नक्षी म्हणजे वेदनेवर उतारा. हा बिल्ला मर्जीवर मिळत नाही. रात्रपाळ्या करून, अभ्यास करून तो मिळवावा लागतो. दागिना आणि बिल्ला यांतला फरक इथं पहिल्यांदा लख्ख दिसतो.

परिचारिकांच्या बिल्ल्यांवरचा दिवाही नीट पाहून घ्या. पणतीसारखा, चोचीचा तेलदिवा सगळीकडे कोरलेला आढळतो. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या रुग्णालयात नाइटिंगेलच्या हातात मात्र घडीचा तुर्की कंदील होता. कारागिरांनी त्याचा आकार बदलला, पण रात्रीची जागी बाई तशीच ठेवली.

परत 1912 मध्ये या. याच वर्षी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं नाइटिंगेलच्या नावानं पदक जाहीर केलं आहे. तुमच्या आधी 1891 मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत शिकायला आल्या. परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तुम्ही परीक्षा पास होता. हातात कागद येतो. कुंकू-काकणं लग्नानं दिली होती, मरणानं नेली. हा कागद कोणाच्या मरणानं जाणार नाही.

चोवीस वर्षं पुढं, 1936. तुमचं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात आहे. त्या वर्षी मध्य प्रांताचा परिचारिका नोंदणी कायदा होतो. मुंबई इलाख्यात असा कायदा आदल्याच वर्षी झाला. शिकलेली परिचारिका कोण, हे आता सरकारी नोंदवहीत लिहिलं जातं. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा येतो आणि 1966 मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. त्यामुळे विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या परिचारिका एका कायद्याखाली येतात.

आता प्रवास संपवा आणि आपल्या काळात या. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आज 'सिस्टर' म्हणून हाक मारली की त्यात आदर असतो. तो आदर त्या पहिल्या बायकांनी शिव्या खाऊन मिळवला आहे.

तुमच्या घरात आजी, आत्या, मावशी कोणी परिचारिका असेल, तर तिची पेटी उघडा. बिल्ला सापडला तर भंगारात किंवा सोनाराकडं देऊ नका. तो कागदात गुंडाळा आणि कागदावर तिचं नाव, रुग्णालय आणि पास झाल्याचं साल लिहा. ती कोणाची बायको होती, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. ती काय शिकली, ते तुम्ही लिहा.