जंतू, विषाणू आणि संभवनीयता : परग्रहीय आक्रमणकथेच्या शेवटाचा इतिहास

परग्रहावरील प्राणी पृथ्वीवर चालून येतात, मानवी शस्त्रे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात आणि सर्वनाश अटळ वाटत असतानाच कथानकाला कलाटणी मिळून मानवजात तगते, हा सांगाडा गेल्या शंभराहून अधिक वर्षांत कादंबरी, नभोनाट्य आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांनी वापरला आहे. या प्रकारच्या चित्रपटांची चर्चा मात्र बहुधा एकाच प्रश्नापाशी घोटाळते : हे घडणे शक्य आहे काय? विज्ञानाच्या कसोटीवर कथानकातील चुका मोजणारा प्रेक्षक आणि करमणुकीला असल्या कसोट्या लावू नयेत असे म्हणणारा प्रेक्षक हे परस्परविरोधी वाटले, तरी दोघांचे गृहीत एकच असते. संभवनीयता म्हणजे कलाकृतीचे बाह्य वास्तवाशी असलेले नाते, असे दोघेही धरून चालतात. या गृहीताची तपासणी करण्यासाठी एच. जी. वेल्स यांच्या ‘दि वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीपासून निघालेली परंपरा विशेष उपयोगी आहे. कारण येथे एकच शेवट वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या रीतींनी संभवनीय करून दाखविला गेला आहे.

साहित्यशास्त्रात हा प्रश्न नवा नाही. अशक्य असूनही पटणारी गोष्ट ही शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा कवीने अधिक पसंत करावी, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त सुचविले आहे. पटणे हा येथे रचनेचा गुण आहे; वस्तुस्थितीशी त्याचा थेट संबंध नाही. रशियन रूपवादी बोरिस तोमाशेव्हस्की यांनी १९२५ मध्ये अभिप्रेरणाची संकल्पना मांडताना कथेतील प्रत्येक घटकाच्या समावेशाला काही समर्थन लागते, आणि ते समर्थन रचनात्मक, वास्तवदर्शी किंवा कलात्मक असू शकते, असे दाखविले. जेरार जेनेत यांनी १९६८ मधील आपल्या निबंधात त्यापुढची पायरी गाठली. कथेतील कृती समाजाने आधीच मान्य केलेल्या एखाद्या सूत्राखाली बसते तेव्हा ती संभवनीय वाटते. तसे सूत्र उपलब्ध नसेल, तर लेखकाला स्पष्टीकरण रचावे लागते. संभवनीयतेचा इतिहास हा म्हणूनच काही अंशी समाजमान्य सूत्रांचा इतिहास ठरतो.

वेल्स यांची कादंबरी १८९७ मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे कथनसंकेत सर्वस्वी नवे नव्हते. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर १८७१ मध्ये जॉर्ज चेस्नी यांची ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये आली होती. इंग्लंडवरील काल्पनिक आक्रमणाची हकीकत एक म्हातारा स्वयंसैनिक आपल्या नातवंडांना सांगतो, असा तिचा घाट होता. त्यानंतर आक्रमणकथांचे पीकच आले आणि त्यातून काही संकेत रूढ झाले : नकाशावर दाखविता येतील अशी परिचित गावे, घटना घडून गेल्यावर बोलणारा साक्षीदार निवेदक, आणि गाफील राहिलेल्या राष्ट्राची नाचक्की. वेल्स यांनी हे सर्व उचलले. त्यांचे मंगळवासी उतरतात ते वोकिंगजवळच्या हॉर्सेलच्या माळावर. विध्वंस होतो तो वेब्रिज, शेपरटन या प्रत्यक्षातल्या गावांचा. वेल्स स्वतः वोकिंगला राहिले होते. शत्रूच्या जागी मंगळवासी आणणे हीच काय ती अशक्य गोष्ट, आणि तिच्यासाठीही काळाने पार्श्वभूमी तयार ठेवली होती. स्कियापारेल्ली यांनी १८७७ मध्ये मंगळावर पाहिलेल्या रेषा आणि पर्सिव्हल लोवेल यांनी १८९५ च्या ग्रंथात त्या रेषांना दिलेला कालव्यांचा अर्थ सुशिक्षित वाचकाच्या कानावर होता. मंगळावर दिसलेल्या प्रकाशाचा उल्लेख करताना वेल्स ‘नेचर’ या नियतकालिकाच्या अंकाची तारीखही देतात. एक अशक्य कल्पना आणि तिच्याभोवती दाट वास्तव, अशी ही योजना आहे.

खरी परीक्षा शेवटी येते. तोफांनी न हटलेले मंगळवासी पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंमुळे मरतात. हा शेवट लेखकाने ऐनवेळी पोतडीतून काढला, असा आक्षेप घेतला जातो. कादंबरीची बांधणी पाहिली, तर तो टिकत नाही. पाण्याच्या थेंबातील जीवांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या माणसाची उपमा पहिल्याच वाक्यात आहे. मंगळवासी माणसांकडे तसे पाहत आहेत, असे ती सांगते. दुसऱ्या खंडात, मंगळावर जंतू कधी निर्माणच झाले नसावेत किंवा तेथील आरोग्यशास्त्राने ते केव्हाच नष्ट केले असावेत, असे निवेदक जाता जाता नोंदवितो. जंतूंची कल्पना वाचकाला परकीही नव्हती. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला होता, आणि खुद्द वेल्स यांनी १८९४ मध्ये पटकीच्या जंतूंवर ‘द स्टोलन बॅसिलस’ ही कथा लिहिली होती. शेवट अनपेक्षित खरा. पण तो बीजरूपाने आरंभापासून कथेत आहे.

या शेवटाला आणखी एक आधार आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. वेल्स टी. एच. हक्सली यांचे विद्यार्थी होते. कादंबरीतील जंतूंचा विजय नैसर्गिक निवडीच्या भाषेत समजावला जातो : अगणित मृत्यूंची किंमत मोजून मानवजातीने पृथ्वीवर राहण्याचा हक्क कमावला आहे. याच कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात युरोपीय वसाहतकारांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा पन्नास वर्षांत केलेला संहार वाचकापुढे ठेवलेला असतो, आणि मंगळवासीयांनी तोच न्याय लावला तर तक्रारीला जागा कोठे, असा प्रश्न विचारला जातो. साम्राज्याच्या राजधानीला टास्मानियाच्या जागी उभे करणे हे या कथेचे अंतःसूत्र आहे. म्हणून सुटका माणसाच्या पराक्रमाने होऊन चालले नसते. लंडनने युद्ध जिंकले असते, तर टास्मानियाचा प्रश्न पुसला गेला असता. जंतूंचा शेवट संभवनीय वाटतो तो जीवशास्त्रामुळे आणि या नैतिक मांडणीमुळेही.

३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांच्या ‘मर्क्युरी थिएटर’ने हे कथानक अमेरिकेत नभोवाणीवर आणले. हॉवर्ड कॉख यांच्या संहितेत आक्रमणस्थळ न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल झाले आणि पूर्वार्ध संगीताच्या कार्यक्रमात घुसणाऱ्या बातम्यांच्या रूपात आला. स्मरण करणाऱ्या साक्षीदाराची जागा घटनेबरोबर बोलणाऱ्या वार्ताहराने घेतली. हॅडली कॅन्ट्रिल यांच्या १९४० च्या अभ्यासाने या प्रक्षेपणाच्या परिणामाला समाजशास्त्रीय महत्त्व दिले. मात्र त्या रात्रीची घबराट वृत्तपत्रांनी फुगविली होती, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखविले आहे. तरीही कथनशास्त्राच्या दृष्टीने एक मुद्दा उरतो. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांचा विश्वास मंगळवासीयांपेक्षा बातमीपत्र या संकेतावर बसला होता.

बायरन हॅस्किन दिग्दर्शित आणि जॉर्ज पॅल निर्मित चित्रपट १९५३ मध्ये आला. बॅरे लिंडन यांच्या पटकथेत घटनास्थळ दक्षिण कॅलिफोर्निया आहे. कादंबरीतला निनावी निवेदक आडून पाहणारा, बहुतेक काही न समजणारा माणूस होता; येथे त्याच्या जागी क्लेटन फॉरेस्टर हा शास्त्रज्ञ आहे. उल्का पडते तेव्हा तो योगायोगाने जवळच मासेमारीला आलेला असतो. हा योगायोग कोणाला खटकत नाही, कारण शास्त्रज्ञ-नायक घटनेच्या केंद्राशी असावा हा त्या काळच्या चित्रपटाचा मान्य संकेत होता. पटकथेने शेवटाची तयारीही केली आहे. मंगळवासीयाच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो आणि ते रक्त क्षीण असल्याचे आढळते. शास्त्रज्ञ जैविक उपायाकडे वळतात, तेवढ्यात शहर सोडून पळणारा जमाव त्यांची सामग्री उद्ध्वस्त करतो. त्याआधी अणुबॉम्ब टाकून झालेला असतो आणि तोही व्यर्थ ठरलेला असतो. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुचाचणी केली होती. अमेरिकेच्या हाती एकट्याचे शस्त्र उरले नव्हते. या प्रेक्षकाला बॉम्बची निष्फळता पटवून द्यावी लागली नसावी.

शेवट मात्र प्रयोगशाळेतून चर्चमध्ये हलतो. प्रार्थना चालू असताना यंत्रे कोसळतात. निवेदकाच्या समारोपात देवाने आपल्या शहाणपणाने पृथ्वीवर ठेवलेल्या क्षुद्र जीवांचा उल्लेख येतो. हा उल्लेख वेल्स यांचाच आहे; पण कादंबरीत त्याला लागून येणारे नैसर्गिक निवडीचे विवेचन येथे गळले आहे. शब्द राहिले आणि सूत्र बदलले. धर्मोपदेशकाच्या पात्रातही हाच बदल दिसतो. कादंबरीतला धर्मोपदेशक भीतीने खचलेला आणि निवेदकाला संकटात टाकणारा आहे. चित्रपटातला पाद्री क्रूसचिन्ह असलेला ग्रंथ घेऊन शत्रूला सामोरा जातो आणि हुतात्मा होतो. टास्मानियाचा संदर्भ उरण्याचे कारणच राहत नाही. आक्रमण हा आता साम्राज्याला दाखविलेला आरसा नसून श्रद्धावान समाजावर आलेले संकट आहे.

रोलंड एमरिख यांच्या १९९६ च्या ‘इंडिपेन्डन्स डे’ने शेवटाचा तिसरा पर्याय दिला. येथे जंतूऐवजी संगणकीय विषाणू आहे आणि डेव्हिड लेव्हिन्सन तो आपल्या संगणकावरून परग्रहीयांच्या मुख्य यानात सोडतो. जमिनीवर बसलेल्या मुलाला सर्दी होईल म्हणून त्याचा बाप हटकतो आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचते. वेल्स यांच्याशी असलेले नाते पटकथा अशा रीतीने सूचित करते. परक्या संस्कृतीच्या यंत्रणेत मानवी आज्ञावली कशी चालेल, ही शंका रास्त आहे. चित्रपट तिचे उत्तर अर्धेच देतो : परग्रहीयांनी आपल्या उपग्रहांमधून पाठविलेला संकेत लेव्हिन्सनने आधी उलगडलेला असतो, आणि त्यांचे एक यान कित्येक वर्षे सरकारच्या ताब्यात असते. उरलेले काम रूपक करते. जीवाणू, विषाणू आणि संगणकीय विषाणू यांचे साम्य एव्हाना बोलीभाषेत रुळले होते. पण वेल्स यांच्या जंतूंना कोणी सोडले नव्हते. हा विषाणू माणसाने सोडलेला आहे. नम्रतेचा शेवट चातुर्याचा झाला आणि विजयाचा दिवस एका राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी पडला. कादंबरीने ज्या आत्मविश्वासाची झडती घेतली होती, तोच येथे साजरा होतो.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २००५ च्या चित्रपटाने कथा पुन्हा एका सामान्य माणसाच्या दृष्टिक्षेपात आणली. रे फेरिअर जेवढे पाहतो, जवळजवळ तेवढेच प्रेक्षक पाहतो. अगणित मृत्यूंतून कमावलेल्या हक्काचे विवेचनही समारोपाच्या निवेदनात परत आले. संभवनीयतेच्या दृष्टीने हा चित्रपट बोधप्रद आहे. यंत्रे फार पूर्वीच जमिनीत पुरलेली असतील, तर त्या पूर्वतयारीत परग्रहीयांना जंतूंचा पत्ता कसा लागला नाही? सर्व विद्युत उपकरणे बंद पडली असताना गर्दीतल्या एकाचा व्हिडिओ कॅमेरा कसा चालतो? या चुका खऱ्या आहेत. तरी अनेक समीक्षकांना त्यांहून अधिक खटकले ते रेच्या मुलाचे, रॉबीचे, शेवटी बोस्टनमध्ये सुखरूप सापडणे. तसे पाहता युद्धातून एखादा मुलगा वाचणे ही पुरलेल्या यंत्रांपेक्षा कितीतरी शक्य गोष्ट आहे. परंतु मुलाला जाऊ देण्याचा प्रसंग चित्रपटाने हानीचा म्हणून बांधला होता. परतीने ती बांधणी मोडते. ॲरिस्टॉटलच्या भाषेत, शक्य असूनही न पटणारी गोष्ट ती हीच.

या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. आक्रमणकथेतील अशक्य गोष्टी वाचक आणि प्रेक्षक सहज स्वीकारतात. ते हिशेब मागतात तो कथेने स्वतः घेतलेल्या जबाबदारीचा. मानवजातीला कोण वाचविते, या प्रश्नाला जीवसृष्टीचा इतिहास, ईश्वर आणि माणूस अशी तीन उत्तरे मिळाली. प्रत्येक उत्तर आपल्या समाजाच्या मान्य सूत्रांमुळे संभवनीय ठरले. म्हणूनच ‘हे शक्य आहे काय’ या प्रश्नापाशी थांबणारी समीक्षा अपुरी पडते, आणि ‘ही तर करमणूक’ असे म्हणणारी समीक्षा त्याहून अपुरी. हे कोणाला आणि का पटले, असे विचारले म्हणजे टास्मानियाचा संदर्भ कोणत्या टप्प्यावर गळाला, हे दिसू लागते. वसाहतीचा अनुभव ज्यांच्या इतिहासात आहे, त्या वाचकांनी तरी हा प्रश्न सोडून देता कामा नये. आपल्यावर चालून आलेल्यांना ‘परग्रहीय’ म्हणण्याची सोय त्यांना नव्हती, आणि त्यांच्या कथेला जंतूंनी सुखान्त दिला नाही.