वादस्थान आणि अवसर

वादात दोन्ही पक्ष ज्या नेमक्या प्रश्नावर अडतात ते वादस्थान. मुद्दा मांडण्याची योग्य वेळ म्हणजे अवसर. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक वक्तृत्वशास्त्रज्ञ हर्मागोरास याने चार वादस्थाने मानली : (1) गोष्ट घडली का, (2) तिला काय म्हणायचे, (3) ती योग्य का, (4) निर्णयाचा अधिकार कोणाचा. अवसराला ग्रीक ‘कैरोस’ म्हणत. न्यायदर्शनातील 22 निग्रहस्थानांपैकी (वादात हार ठरवणाऱ्या दोषांपैकी) ‘अप्राप्तकाल’ हे क्रम सोडून बोलण्याच्या दोषाचे आहे. तो घडला की वादी हरला.

पंढरपूरचा वाद : सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा मंदिरप्रवेशाचा लढा (1946–47) हे या दोन्ही कल्पनांचे ठळक उदाहरण होय. अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठल मंदिरात मज्जाव होता, हे कोणीच नाकारत नव्हते. महाद्वाराबाहेरची, अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी त्याची साक्ष देत होती. वाद पुढच्या तीन स्थानांवर होता. मंदिर बडव्यांच्या (वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या) वहिवाटीचे की सर्व भाविकांचे? चालत आलेली रूढी म्हणजे धर्म का? आणि हे ठरवायचे कोणी : बडव्यांनी, न्यायालयाने की विधिमंडळाने?

या लढ्याचे नेते, लेखक व समाजसेवक साने गुरुजी यांनी त्यासाठी योजलेले उपोषण सहकाऱ्यांच्या आग्रहाने पुढे ढकलले आणि महाराष्ट्रभर दौरा काढला. गावोगावच्या सभांतून लोकमत जागे झाले. अनेक ठिकाणी मंदिरे व पाणवठे खुले झाले. मग 1 मे 1947 रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. कायदा होऊ घातला असताना आताच प्राण पणाला का लावायचे, असा आक्षेप निघाला. गांधीजींनीही उपोषण सोडण्यास सुचवले. कायद्याकडे बोट दाखवणारा आक्षेप वादाला चौथ्या स्थानावर नेत होता. गुरुजी तिसऱ्यावर ठाम राहिले : माणसाला देवाच्या दारात अडवणे हाच अधर्म, आणि तो अडवणाऱ्यांनीच मनापासून सोडला पाहिजे. केंद्रीय कायदेमंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीने बडव्यांची संमती मिळाली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात उपोषण सुटले.

महत्त्व : आधी लोकमत आणि मग उपोषण, हा क्रम निर्णायक ठरला. बडव्यांसमोर प्रश्न गेला तेव्हा तो एकट्या गुरुजींचा उरला नव्हता. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा त्याच वर्षी मागाहून झाला. समतेचा निर्णय हुकमाआधी संमतीने घडवता येतो, हे पंढरपूरने दाखवले. सार्वजनिक वादाचे याहून मोठे यश नाही.