बाभळीखालची लॉरी

साखरखेर्ड्याचा इतिहास विचारला की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली मशिदीची. ती खुदावंदखान महदवी याने १५८१ साली बांधली. दुसरी लढाईची. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाच्या शिवारात निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांच्या फौजा भिडल्या. मुबारिजखान कामी आला, निजामुल्मुल्कने गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. बाजीराव पेशव्यांचा पाठिंबा या वेळी निजामाला होता. म्हणजे ही लढाई मुसलमान विरुद्ध मराठे अशी नव्हती, हे आपल्या मुलांना आजही मुद्दाम सांगावे लागते.

मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे आणि लढाई पुस्तकांत आहे. दोन्हींची नोंद झाली. मला मात्र अशा एका वस्तूबद्दल लिहायचे आहे, जी कोणत्याच यादीत नाही आणि जिला इतिहास म्हणावे असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटत असेल. ती म्हणजे गावाकडेला गंजत पडलेली जुनी मालमोटार.

विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरच्या कुठल्याही रस्त्याने जा. जुन्या जिनिंगच्या आवारात, बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे, एखाद्या बाभळीखाली अशी गाडी दिसते. चाके मातीत रुतलेली, बोनेटमधून एरंड वर आलेला, मागच्या बंद टपात कोंबड्या. गाव तिला खटारा म्हणते. भंगारवाला अधूनमधून भाव विचारून जातो. वारस तीन-चार असतात आणि त्यांचे एकमत होत नाही, म्हणून ती उभी राहते. आपल्याकडे पुष्कळ जुन्या वस्तू जपणुकीमुळे टिकलेल्या नाहीत, भाऊबंदकीमुळे टिकल्या आहेत.

या गाडीचे मोल कळायचे तर आधी या मुलखातले रस्ते आठवावे लागतात. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडून, मलकापूर-शेगावकडून गेली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला, कारण खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ होती. दक्षिणेकडे निजामाच्या मुलखातून मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला आणि जालन्याला स्टेशन मिळाले. मधला घाटावरचा पट्टा तसाच राहिला. जालना-खामगाव रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मेहकर, सिंदखेडराजा, साखरखेर्डा या गावांना बाहेरचे जग भेटले ते आधी बैलगाडीतून आणि मग मोटारीतून.

त्यातही एक गंमत होती. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडले गेले. जालना निजामाच्याच राज्यात राहिले. त्यामुळे ज्या घराण्याचे भाग्य साखरखेर्ड्याच्या शिवारात उघडले, त्याच घराण्याच्या राज्याची हद्द पुढे या गावाच्या थोडी पलीकडे येऊन थांबली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा ही हद्द पुसली गेली. त्यापूर्वी इकडचा माल तिकडे नेणारी लॉरी एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जात असे.

निजामाच्या राज्याने मोटारीच्या बाबतीत एक महत्त्वाचे पाऊल लवकर उचलले. जून १९३२ मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन. आपल्याकडची एसटी पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे सरकारी बसच्या बाबतीत निजामाचे राज्य आपल्या एसटीच्या १६ वर्षे आधीचे. हैदराबादच्या बसगाड्यांच्या नंबरात 'झेड' हे अक्षर असते. निजाम उस्मान अली खान यांच्या वालिदा ज़हरा बेगम यांच्या नावावरून ते आले, असे तिथे आजही सांगितले जाते. खरेखोटे काही असो, नंबरप्लेटसुद्धा काही सांगू शकते एवढे त्यातून कळते.

त्या १९३२ सालच्या गाड्यांतली एक आल्बियन बस 'डेक्कन क्वीन' या नावाने हैदराबादला दुरुस्त करून जपलेली आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ आल्बियनचा कारखाना होता. तिथली ही गाडी भंगारात गेली नाही, कारण महामंडळात कुणाला तरी वाटले की आपली सुरुवात लोकांना दाखवता आली पाहिजे. मला या बसचा हेवा वाटतो. तिच्यामागे महामंडळ उभे राहिले. बाभळीखालच्या लॉरीमागे कोण उभे राहणार?

आता कुणी म्हणेल की ही लॉरी अमेरिकेतली नाहीतर विलायतेतली, तिच्यात आपला इतिहास कुठून आला? उत्तर तिच्या सांगाड्यातच आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडी येथे गाड्यांची जोडणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती थांबवली. त्याच वर्षी टेल्कोची मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेली मालमोटार बाजारात आली. या साऱ्या काळात मालमोटार बहुधा चासीच्या रूपात विकली जाई. इंजिन, चाके, पुढचा पत्रा, एवढेच. मागची बॉडी, मग ती उघडी असो की बंद टपाची, इथल्या सुताराने आणि पत्रेवाल्याने बांधायची. सागवानी चौकट, तिच्यावर पत्रा, लोहाराने ठोकलेल्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि कड्या. म्हणजे अर्धी गाडी परदेशातली आणि अर्धी अकोला, जालना, औरंगाबादच्या कारागिरांची. पहिल्या अर्ध्या भागावर कंपनीची पितळी पट्टी आहे. दुसऱ्या अर्ध्या भागावर कुणाचेही नाव नाही.

म्हणून अशी गाडी दुरुस्त करणाऱ्याने पहिल्याच दिवशी पॉलिशपेपर हातात घेऊ नये. आधी ती वाचावी. फोटो काढावेत, चासी नंबर आणि इंजिन नंबर उतरवून घ्यावेत. रंगाचे थर एका कोपऱ्यात हळूहळू खरवडले तर खालून जुन्या मालकाचे, दुकानाचे, कधी विडी कारखान्याचे नाव वर येते. केबिनच्या बाजूला न लागणारी भोके आणि जळल्याच्या खुणा दिसल्या तर थांबावे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा देशभर बस आणि लॉऱ्यांना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडली जात होती. ती भोके बुजवणे म्हणजे त्या टंचाईची नोंद पुसणे होय.

मग इंजिन. वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन जाम झालेले असते. प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल किंवा डिझेल आणि ऑइल ओतायचे, दिवसच्या दिवस मुरू द्यायचे आणि मग हँडलने, जोर न करता, किंचित फिरवून पाहायचे. घाई केली की पिस्टनची रिंग तुटते. टाकीतला गाळ काढायचा. उंदरांनी खाल्लेली, कापडी वेष्टणाची वायरिंग पुन्हा ओढायची. जुन्या शेवरलेच्या बेअरिंगला पांढऱ्या धातूचा थर असे. तो वितळवून ओतायचा आणि मग हाताने खरवडून शाफ्टशी जुळवायचा. हे काम येणारा माणूस आता जिल्ह्यात शोधावा लागतो.

पान्यांचीच गोष्ट घ्या. विलायती गाडीचे नटबोल्ट व्हिटवर्थ मापाचे, अमेरिकन गाडीचे इंचाच्या दुसऱ्या मापाचे, मर्सिडीजचे मिलिमीटरचे. एकाचा पाना दुसऱ्याला नीट बसत नाही. ज्या मिस्त्रीला नुसत्या बोटांनी नट चाचपून पाना सांगता येई, तो बहुधा शाळेत चार इयत्तांपलीकडे गेलेला नसे. तीन देशांची मापे त्याच्या हातात होती. ही विद्या त्याने पुस्तकातून घेतली नव्हती. उस्तादाने पाना मागायचा, शागिर्दाने तो द्यायचा, चुकला तर बोलणी खायची. अशी वर्षे गेली की शागिर्दाचा उस्ताद होई.

हा उस्ताद कोण होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तालुक्याच्या गावी स्टँडजवळच्या गॅरेजांच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदवले की पगारी नोकरीत मुसलमानांचे प्रमाण कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहे, आणि ज्या मोजक्या धंद्यांत ते अधिक दिसतात त्यांत वाहन दुरुस्ती आणि रस्ते वाहतूक येते. अहवालाच्या दृष्टीने ही मागासलेपणाची खूण आहे आणि ते खोटे नाही. पण त्याच आकड्याच्या आड एक कसबही आहे. त्या कसबाचा इतिहास अहवालात येत नाही, कारण तो अहवालाचा विषय नव्हता. तो आपला विषय आहे, आणि आपण तो लिहिलेला नाही.

आपण इतिहास लिहायला बसलो की बहुधा बादशहा, सुभेदार आणि सुफी यांच्याबद्दल लिहितो. त्यात गैर काही नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपली मागणी मात्र वेगळी राहिली आहे. या मातीतल्या साध्या मुसलमानाचे जगणे मराठीत यावे. पिंजारी, शिकलगार, तांबोळी, मणियार, लोहार यांचे जगणे. मशीद ज्यांनी बांधली त्या गवंड्यांची नावे आपल्याला मिळणार नाहीत. मुबारिजखानाच्या तोफांचे गाडे ओढणाऱ्यांचीही नाहीत. मिस्त्रींची मात्र अजून मिळू शकतात, कारण त्यांतले काही बुजुर्ग हयात आहेत.

महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजच्या लॉऱ्या हे याचे जवळचे उदाहरण. प्रोजेक्टर, पडदा, तंबू, सारे पोटात घेऊन त्या गावोगाव जात. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षे या लोकांबरोबर फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात मोहम्मद नावाचे तंबूवाले आहेत, जुन्या गाडीला आणि जुन्या यंत्राला कसेबसे चालवत नेणारे. प्रकाश नावाचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे आहेत. या माणसांकडे कुणीतरी कॅमेरा वळवला म्हणून ती जगाला दिसली. आपल्या गॅरेजांकडे अजून कुणी वळलेले नाही.

दरम्यान वेळ थोडा उरला आहे. १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली. नव्या गाड्या हव्यात, धूर कमी व्हावा, याला कुणाचाही विरोध नसावा. जुन्या वाहनांच्या जपणुकीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियमही केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या खास नंबराखाली नोंदवता येते. पण ही सवलत दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना आहे. मालमोटार आणि बस त्या व्याख्येत बसत नाहीत. राजाची रोल्स-रॉईस वारसा ठरते, कापूस वाहणारी लॉरी ठरत नाही. शिवाय 'मूळ रूप' म्हणजे कारखान्यातले रूप असेल, तर सागवानी बॉडी बांधणारा आपला सुतार त्या व्याख्येबाहेरच राहतो. नियम करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे असा प्रश्न कुणी मांडलाच नसेल. मांडायला हवा.

प्रत्येक खटारा पुन्हा रस्त्यावर आणता येणार नाही. त्याला पैसा लागतो, जागा लागते, सुटे भाग मिळत नाहीत. तरी तालुक्यात एक गाडी वाचवता येईल. वारसांना एकत्र बसवून कागद मोकळे करता येतील. आयटीआयच्या मुलांना एखाद्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली ती उघडायला देता येईल. तेवढेही जमले नाही, तर भंगारवाल्याचा ट्रक येण्याआधी एक काम नक्की जमेल. गाडीचे फोटो काढायचे, नंबर उतरवायचे, आणि गावातल्या सर्वांत जुन्या मिस्त्रीचाचांना तिच्यापाशी नेऊन खुर्ची द्यायची. ते आधी म्हणतील, "यात काय आहे बेटा, लोखंड आहे." मग बोनेटवर हात ठेवतील आणि बोलू लागतील. ही बॉडी कुणी बांधली, कोणत्या पावसाळ्यात ती घाटात अडकली, गॅस्केट मिळेना तेव्हा कशाचे कापून बसवले. ते सारे लिहून घ्यावे. त्यांच्या उस्तादाचे नाव विचारायला विसरू नये.