माळव्याच्या उन्हातील मराठी चित्रकार : नारायण श्रीधर बेंद्रे

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी समाजाने ग्रंथालये उभारली, नाट्यमंडळे चालविली, गणेशोत्सव जोपासले, याचा गौरवपूर्वक उल्लेख नेहमीच होतो. याच समाजाने मध्य भारताला चित्रकलेची एक सकस परंपरा दिली, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा होळकरांच्या इंदूरचा कलावारसाही या राज्याच्या पदरी आला. त्या वारशाचे सर्वांत तेजस्वी फलित म्हणजे चित्रकार ना. श्री. बेंद्रे.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. १९२७ साली तेथे कलाशाळा सुरू झाली आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले द. दा. देवळालीकर तिचे प्रमुख झाले. या गुरूंचे ऋण मोठे आहे. साधने अपुरी, प्रदर्शने दुर्मिळ आणि मुंबई दूर, अशा परिस्थितीत त्यांनी विद्यार्थ्यांना उघड्या निसर्गात नेले. सावली काळी नसते, तिलाही स्वतःचा रंग असतो. वस्तूचा आकार तिच्यावर पडलेल्या प्रकाशातून घडतो. म्हणून बाह्यरेषा गिरवीत न बसता रंगाचे ठसठशीत ठिगळ योग्य जागी ठेवावे, ही दृष्टी त्यांनी दिली. युरोपातील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचा हा धडा माळव्याच्या धुळीत आणि उन्हात असा रुजला. बेंद्रे यांच्याखेरीज देवकृष्ण जोशी आणि विष्णू चिंचाळकर हेही याच शाळेचे विद्यार्थी, आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही काही काळ येथेच धडे घेतले.

१९३३ साली बेंद्रे मुंबईची चित्रकलेची पदविका परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक आणि १९४१ साली सुवर्णपदक त्यांना लाभले. दरम्यान काश्मीरच्या पर्यटन खात्यात त्यांनी चित्रकार म्हणून नोकरी केली. माळव्याच्या तांबूस प्रकाशात तयार झालेली नजर तेथे बर्फ, पाणी आणि धुके यांवर पारखली गेली. जलरंग, अपारदर्शक रंग आणि तैलरंग या तिन्ही माध्यमांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. घाट, बाजार, गल्ल्या, डोंगर आणि त्यांत वावरणारी साधी माणसे हा त्यांच्या चित्रांचा संसार होय.

१९४५ साली शांतिनिकेतनात त्यांना नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांचा सहवास घडला; पुढे अमेरिका व युरोप पाहून झाला. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५९ साली ते तेथील ललित कला शाखेचे अधिष्ठाता झाले. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाम मोहंमद शेख हे तेथील त्यांचे विद्यार्थी. या तिघांच्या चित्रांत परस्परांशी साम्य नाही आणि गुरूची नक्कलही नाही. देवळालीकरांनी हात बांधून टाकला नाही, नजर तयार केली. शिष्यानेही पुढच्या पिढीला तेच दिले.

पन्नाशीच्या दशकात घनवादाचे आणि अमूर्त शैलीचे प्रयोग बेंद्रे यांनीही केले. ‘काटा’ या चित्राला १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु १९६६ साली बडोदे सोडून मुंबईस आल्यानंतर ते पुन्हा मानवाकृती आणि निसर्ग यांकडे वळले. बारीक रंगबिंदूंच्या विणीतून साकारलेल्या ग्रामीण स्त्रिया, गुरे, झाडे ही त्यांच्या उत्तरकाळाची ओळख ठरली. काही टीकाकारांना ही माघार वाटली, आणि चित्रे डोळ्यांना सुखावतात हाच त्यांचा दोष ठरविण्यात आला. हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे. जवळजवळ ठेवलेल्या शुद्ध रंगांचे ठिपके प्रेक्षकाच्या डोळ्यांत एकत्र येऊन उजेड निर्माण करतात, ही किमया प्रकाशाच्या दीर्घ अभ्यासावाचून साधत नाही. इंदूरच्या विद्यार्थिदशेत जो प्रश्न त्यांनी हाती घेतला होता, त्याचेच हे परिपक्व उत्तर होते. नवे आत्मसात करूनही जुने न टाकणे याला धैर्यच लागते.

१९६९ साली पद्मश्री आणि १९९२ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. बेंद्रे यांचे नाव आज सर्वत्र आदराने घेतले जाते. त्यांना घडविणाऱ्या शाळेचे आणि शिक्षकाचे नाव मात्र मागे पडले. राजधान्यांपासून दूर असलेल्या गावात एक निष्ठावान शिक्षक काय उभे करू शकतो, याचे एवढे ठळक उदाहरण आपल्या प्रांतात दुसरे क्वचितच सापडेल. बृहन्महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात शब्दांच्या शेजारी रंगांनाही स्थान मिळणे, हे या गुरुशिष्यांचे न्याय्य स्मरण ठरेल.